वस्तऱ्याला हाडाची मूठ कशी करावी

गोव्यातल्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे वस्तरे अजून निघतात. पातं जर्मनीतल्या झोलिंगेनचं नाहीतर इंग्लंडमधल्या शेफील्डचं, पोलाद अस्सल, धार लावली तर आजही दाढी होईल असं. मूठ मात्र तडकलेली, वाकलेली, नाहीतर हात लावताच भुगा होणारी. सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला आणि ही पाती पेट्यांमध्ये पडून राहिली. त्यातलं एखादं वापरात आणायचं तर मूठ नवी करावी लागते. ती घरच्या घरी, हाताच्या अवजारांनी करता येते.

मी हाडाच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण आपली हवा. जुन्या हस्तिदंती रंगाच्या मुठी बहुतेक वेळा सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या असतात. उष्ण, दमट हवेत सेल्युलॉइड कुजतं, त्यातून आम्ल वायू सुटतो आणि पातं नेमकं मुठीच्या आत, दिसणार नाही अशा जागी गंजतं. शिंगाला कीड लागते. लाकूड आषाढात फुगतं आणि माघात आकसतं. हाडही थोडी ओल घेतं, नाही असं नाही, पण नीट साफ करून पुरेसं सुकवलेलं हाड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. शेफील्डच्या दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या हाडी मुठी अजून शाबूत सापडतात त्या उगीच नाही.

फक्त हाडाला घाई सोसत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भर पावसात मापाला बसवलेली मूठ जानेवारीत आकसते, खिळे सैल होतात आणि भोकाजवळ चीर जाते. म्हणून मी कामाची विभागणी ऋतूवर करतो. उकळणं आणि तेलकटपणा काढणं पावसात, सुकवणं दसऱ्यापासून पुढे, कापणं-घासणं डिसेंबर ते मार्च, आणि खिळे ठोकणं उशिरात उशिरा एप्रिलमध्ये. हे वेळापत्रक पाळलंत तर निम्मं काम आपसूक नीट होतं.

आधी भागांची ओळख

मुठीला दोन पट्ट्या असतात. दोन्हींच्या मध्ये पातं मिटतं. ज्या टोकाला पातं फिरतं ते डोकं, उलट बाजूचं ते बूड. डोक्याचा खिळा पात्याच्या मानेतल्या भोकातून जातो. मान म्हणजे धार संपल्यानंतरचा जाड, बिनधारेचा भाग. बुडात दोन पट्ट्यांच्या मध्ये एक छोटी पाचर असते आणि तिच्यातून दुसरा खिळा जातो. काही मुठींना मधोमध तिसरा खिळा असतो. पहिल्या कामाला दोनच ठेवा.

हाड कुठलं घ्यायचं, कुठल्याला हात लावायचा नाही

चांगलं हाड म्हशीचं किंवा रेड्याचं, पायाच्या नळीचं. बकऱ्याची नळी आखूड आणि बारीक भरते, तिची पट्टी निघत नाही. मागच्या पायाची खुराच्या वरची नळी पुढच्यापेक्षा लांब असते, तीच मागा. मुठीला साधारण १५ ते १६ सेंटिमीटर लांबीचा सरळ भाग लागतो. खाटकाकडेच पट्टी लावून मोजून घ्या. कमी भरत असेल तर तिच्या वरची, पिंढरीची नळी घ्या. ती बरीच लांब असते आणि तिची एक बाजू चांगली सपाट असते. वयस्क जनावराचं हाड घट्ट आणि जड, कोवळ्याचं सच्छिद्र. दोन नळ्या हातात तोलून जड वाटेल ती उचला.

हाड परवानाधारक खाटकाकडूनच घ्या, जिथे पशुवैद्याने तपासलेलं जनावर कापलं जातं. गोव्यात १९७८ पासून गोवधबंदीचा कायदा आहे, तेव्हा मागताना म्हशीचं असं स्पष्ट सांगा आणि पावती घ्या. उसगावला सरकारी गोवा मीट कॉम्प्लेक्स आहे. तिथला तपासलेला माल कुठल्या दुकानात येतो ते विचारलं की बाजारात कळतं. रानात, माळावर पडलेलं हाड कितीही पांढरंशुभ्र दिसलं तरी घरी आणू नका. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेल्या जनावराच्या हाडात त्या रोगाचे बीजाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतात, आणि साध्या उकळण्याने त्यांची खात्रीने वाट लागत नाही.

आपल्याकडे आणखी एक मोह असतो, किनाऱ्याचा. पावसाळ्यात मोठे समुद्री जीव वाहून येतात, त्यांत देवमासे आणि डॉल्फिनही असतात. त्यांची हाडं, कासवाची ढाल, सांबर-चितळाची शिंगं आणि अर्थातच हस्तिदंत यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मोरजी, आगोंद आणि गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथलं कवच उचलून आणून त्याची मूठ करणं हा गुन्हा आहे. हौसेपायी या वाटेला जायचंच नाही.

ज्यांना घरात कच्चं हाड आणता येत नाही, त्यांनी संकोच करू नये. उत्तर प्रदेशातलं संभल हे शिंग आणि हाडाच्या कामासाठी नावाजलेलं गाव आहे. तिथल्या कारागिरांच्या साफ केलेल्या, पांढऱ्या केलेल्या हाडाच्या पट्ट्या विकत मिळतात. मागवताना जाडी किमान ४ मिलिमीटर, लांबी १६० आणि रुंदी २० सांगा, आणि दोन्ही पट्ट्या एकाच हाडाच्या हव्यात असं बजावून सांगा. मग पुढचे दोन भाग वाचून सोडून द्या आणि कापण्याच्या पुढून सुरुवात करा.

साफ करणं

हे काम परसात, वेगळ्या चुलीवर आणि टाकाऊ पातेल्यात करा. स्वयंपाकाचं भांडं नको. वास येतो, शेजारची कुत्री येतात, तेव्हा जागा आधी ठरवा.

नळीची दोन्ही गाठाळ टोकं हॅक्सॉने कापून काढा म्हणजे आतली मज्जा मोकळी होईल. उरलेलं मांस आणि वरचा पातळ पापुद्रा जुन्या सुरीने खरवडा. मग नळी पाण्यात टाकून मंद आचेवर ठेवा. पाणी खदखदता कामा नये. बुडबुडे फुटण्याच्या अलीकडची आच हवी. जोरात उकळलं की हाडातली चरबी आत मुरते आणि हाडाला धरून ठेवणारं कोलॅजेन सुटून हाड ठिसूळ होतं. तासाभराने नळी काढून, बाटल्या धुवायच्या ब्रशने आतली मज्जा काढून टाका, पाणी बदला आणि आणखी दोन तास तशीच मंद आच द्या.

सोडा, चुना, कपड्यांचं ब्लीच यांतलं काहीही घालू नका. क्लोरीनचं ब्लीच हाडाचा पांढरेपणा दाखवतं आणि आतून पोखरतं. सहा महिन्यांनी पृष्ठभाग खडूसारखा निघायला लागतो, तोवर मूठ तयार होऊन पात्यावर चढलेली असते.

आता चरबी. म्हशीच्या हाडात ती मुबलक असते आणि सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. झाकणाच्या बादलीत कोमट पाणी, त्यात भांडी घासायचं द्रव साबण, आणि त्यात नळी पूर्ण बुडवून ठेवायची. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं. वर तवंग दिसेनासा होईपर्यंत हे चालू ठेवायचं. तीन आठवडे लागतात, सहाही लागतात. परीक्षा सोपी आहे. नळी बाहेर काढून चार दिवस सावलीत सुकवा आणि रात्रभर वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला, किंवा हाडावर पिवळट, आरपार दिसल्यासारखे पट्टे उरले, तर परत बादलीत. ही पायरी कमी केली तर पुढे पॉलिश केलेल्या मुठीतून उन्हाळ्यात चरबी वर येते आणि खवट वास सुटतो. त्यावर नंतर काही उपाय नाही.

चरबी गेल्यावर रंग हवा असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात साधारणपणे ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणा. प्लॅस्टिकचं भांडं घ्या, धातूचं नको, आणि झाकण सैल ठेवा, कारण त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि घट्ट झाकण उडतं. हातमोजे आणि चष्मा घाला. एक ते दोन दिवस पुरतात. मग साध्या पाण्यात दिवसभर भिजवून धुवून घ्या. माझी आवड विचाराल तर मी फार पांढरं करत नाही. हलका साईचा रंग राहिला तर पितळेशी तो जास्त शोभतो.

सुकवणं

सावलीत, वारा खेळेल तिथे, टांगून. उन्हात ठेवलं की बाहेरचा थर आधी आकसतो आणि लांबीत चिरा जातात. पंख्याखालीही थेट नको. दसऱ्याच्या सुमारास टांगलेली नळी नाताळापर्यंत कापायला तयार होते. खात्री हवी असेल तर स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करा आणि भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही म्हणजे हाड सुकलं.

पट्ट्या कापणं

इथून पुढे तोंडावर एन-९५ मास्क, आणि काम उघड्यावर. हाडाची धूळ अतिशय बारीक असते, फुप्फुसात जाऊन बसते. दंतवैद्याच्या खुर्चीत येतो तसला वास आला म्हणजे धूळ तुमच्यापर्यंत पोचतेय हे समजा. शक्य तिथे ओलं करूनच घासा. ओली धूळ उडत नाही.

खुराच्या वरच्या नळीच्या पुढच्या अंगावर मधोमध लांबीत एक खाच असते. दोन हाडं जुळून ती नळी झालेली असते, त्याची ती खूण. पट्ट्या त्या खाचेतून काढायच्या नाहीत, दोन्ही बाजूंच्या सपाट भिंतींतून काढायच्या. नळी वाइसमध्ये लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये धरा, नाहीतर जबड्यांचे दात हाडात उमटतात. हॅक्सॉने लांबीतच काप घ्या. हाडातली सूक्ष्म नळ्यांची जाळी लांबीत जाते, ताकदही त्याच दिशेत असते. आडवी काढलेली पट्टी बोटांनी मोडेल.

पट्टी ४ मिलिमीटर जाड ठेवा. आतल्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार हाड लागलं असेल तर ते पूर्ण घासून काढा, त्यावर ना गोंद टिकतो ना पॉलिश. प्रत्येक पट्टीच्या आतल्या अंगावर पेन्सिलने बाण काढा, वर कुठलं टोक होतं ते दाखवणारा. दोन पट्ट्या एकाच दिशेने बसल्या की रंगही जुळतो आणि ओल घेताना दोन्ही सारख्याच वागतात.

आतलं अंग अगदी सपाट हवं. गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर १२० नंबरचा वॉटर पेपर ठेवा, पाणी शिंपडा आणि पट्टी आठाच्या आकड्यात फिरवत घासा. दोन पट्ट्या तोंडाला तोंड लावून उजेडासमोर धरल्यावर फटीतून प्रकाश दिसला नाही की झालं.

जुनी मूठ काढणं आणि फर्मा

पहिली गोष्ट, पात्याच्या धारेवर जाड चिकटपट्टीचे दोन थर द्या. काम संपेपर्यंत ते काढायचे नाहीत. मग जुन्या खिळ्याचं फुललेलं डोकं बारीक कानशीने घासून वायसरच्या पातळीवर आणा आणि खिळा बारीक पंचने मागे ढकला. पात्याचं भोक मोजा. खिळा त्यात मोकळा बसला पाहिजे.

जाड पुठ्ठ्यावर पातं उघडं ठेवून त्याचा आकार उतरवा. भोकाच्या जागी टाचणी टोचून पातं मिटलेल्या स्थितीत फिरवा आणि पुन्हा उतरवा. आता मूठ त्याभोवती आखायची. पातं मिटल्यावर तीन गोष्टी बघायच्या. धार पट्टीच्या खालच्या कडेपासून किमान ३ मिलिमीटर आत राहिली पाहिजे. पात्याची पाठ वरून थोडी बाहेर दिसली पाहिजे, म्हणजे बोटाने उघडता येईल. आणि पात्याचं टोक पाचरीला लागता कामा नये, मध्ये निदान ५ मिलिमीटर मोकळे हवेत. रुंदी डोक्याशी ११-१२, मध्ये पात्याप्रमाणे १६ ते १८ मिलिमीटर धरली की मूठ हातात बसते. आकार नागमोडी करायचा मोह होतो. पहिल्या मुठीला साधी, हलकी कमान पुरे. हाड आतल्या बारीक वळणांवर तुटतं.

पुठ्ठ्याचा फर्मा कापून त्याला टाचणीने पातं लावून उघड-मीट करून बघा. पुठ्ठ्यावर केलेली दुरुस्ती फुकट असते.

आकार आणि भोकं

दोन्ही पट्ट्या आतल्या अंगांनी डबल टेपने एकमेकींना चिकटवा आणि वर फर्मा आखा. सोनार वापरतात ती बारीक करवत असेल तर उत्तम. नसेल तर हॅक्सॉने बाहेरून ओबडधोबड कापून उरलेलं कानशीने. रेषेच्या अर्धा मिलिमीटर बाहेरच थांबा.

भोकं पट्ट्या एकत्र असतानाच पाडायची. कडेपासून भोकाचं अंतर किमान ४ मिलिमीटर. जागी टोच्याने खूण करा, खाली लाकूड ठेवा, १.६ मिलिमीटरचा ड्रिल बिट कमी वेगात चालवा आणि दर दोन-तीन सेकंदांनी बाहेर काढून भुसा झटका. हाड तापलं की भोकाभोवती करपतं आणि तिथेच पुढे तडा जातो. हाताने फिरवायचा ड्रिल मला विजेच्या ड्रिलपेक्षा भरवशाचा वाटतो, हाताला हाडाचा विरोध कळतो. बुडाचं भोक आत्ता फक्त पट्ट्यांना पाडा. पाचरीला नंतर, जागेवर बसवून.

पट्ट्या सोडवा. आता बाहेरचं अंग हलकं फुगीर करायचं, मध्ये २.५ ते ३ मिलिमीटर आणि कडांना दीड-दोन. सपाट कानशीने लांबीत घासत जा, दोन्ही पट्ट्या आलटून पालटून, म्हणजे एक पातळ आणि दुसरी जाड होत नाही.

पाचर

इथे थांबून विचार करा, कारण मूठ चांगली की वाईट हे पाचरीवर ठरतं. पात्याची मान साधारण ४ मिलिमीटर जाड असते आणि बूड त्याहून निमुळतं हवं. पाचर जाड राहिली तर पट्ट्या समांतर राहतात, पातं आत लटपटतं आणि धार पट्टीला घासते. फार पातळ झाली तर पट्ट्या बुडाशी आवळल्या जातात, आणि हाड शिंगासारखं वाकत नसल्यामुळे डोक्याच्या खिळ्यापाशी उकलतं.

पूर्वी पाचरी शिशाच्या असत. शिसं विषारी, ते नको. मी नारळाच्या करवंटीची पाचर करतो. आपल्याकडे करवंटीला तोटा नाही, ती कठीण असते, तिला पॉलिश छान येतं आणि पांढऱ्या हाडात तिची काळसर रेघ उठून दिसते. जुन्या, पूर्ण पिकलेल्या नारळाची जाड करवंटी घ्या आणि १५ मिलिमीटरचा तुकडा दोन्ही बाजूंनी फरशीवर घासून सपाट करा. एवढ्या छोट्या तुकड्यात तिची वळणदार बाजू आड येत नाही.

डोक्याकडच्या टोकाला २.५ मिलिमीटर, बुडाकडे २, असा उतार द्या. दुसरा उतार वरून खाली. पात्याची मान पाठीकडे जाड आणि खाली किंचित बारीक असते. कॅलिपरने दोन्ही कडा मोजा आणि तेवढाच फरक पाचरीला द्या. हा दुसरा उतार विसरला की मूठ वरून नीट दिसते आणि खालून पट्ट्या फाकतात.

आता तात्पुरती जोडणी. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा चष्म्याच्या दुकानात एम १.६ मापाचे बारीक स्क्रू आणि नट मिळतात, त्यांनी डोकं जोडा. पाचर जागी ठेवून बूड छोट्या क्लॅम्पने दाबा आणि मूठ डोळ्यासमोर धरून वरून बघा. दोन्ही पट्ट्यांची कमान सारखी आहे का, पातं अगदी मधोमध पडतंय का. डावीकडे जात असेल तर पाचरीची एकच बाजू दोन-तीन हात घासा आणि परत लावून बघा. हे पुन्हापुन्हा करावं लागतं आणि करावंच. पातं मध्यावर आलं की क्लॅम्प न हलवता पट्टीच्या भोकातून पाचरीला भोक पाडा.

पॉलिश खिळ्यांच्या आधी

मूठ जोडल्यावर आतल्या अंगाला हात पोचत नाही, म्हणून आतून-बाहेरून सगळं आत्ताच. २४०, ४००, ६००, १०००, २००० असे वॉटर पेपर क्रमाने, पाण्यात बुडवून. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. पट्टी पुसून तिरप्या उजेडात धरली की ते दिसतात. हाडाच्या पृष्ठभागावर लांबीत बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतील. ती हाडातल्या रक्तवाहिन्यांची तोंडं. तोच हाडाचा खरेपणा, सेल्युलॉइडमध्ये ते नसतं. पण त्यांत मळ बसतो, म्हणून ६०० नंतर पातळ सुपरग्लू कापडाने चोळून सुकू द्या आणि पुन्हा ६०० ने वरचा थर काढा. छिद्रं भरतात, पृष्ठभाग उघडाच राहतो.

जुनेपणाचा रंग हवा असेल तर सुपरग्लूच्या आधी, कडक काळ्या चहात रात्रभर. रंग वरवरच मुरतो, तेव्हा आकार पूर्ण झाल्यावरच.

शेवटी खडूची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून सुती कापडाने चोळा. पितळ घासायची काळी-हिरवी पॉलिशं हाडाला लावू नका, ती छिद्रांत शिरून करडी छटा सोडतात.

खिळे

वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात १.६ मिलिमीटरची पितळी सळई मिळते. ती गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ द्या. पितळ मऊ होतं. वायसर अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून करा, आधी भोक, मग ५ मिलिमीटरची चकती, मग लाकडातल्या खळग्यात गोल तोंडाच्या पंचने हलका टोला देऊन घुमटी. डोक्याच्या खिळ्याला आतही, मान आणि पट्टीच्या मध्ये, दोन्हीकडे एकेक पातळ सपाट वायसर घाला. पातं मऊ फिरतं आणि हाड घासत नाही.

सळई दोन्ही वायसरच्या बाहेर साधारण ०.८ मिलिमीटर उरेल एवढी कापा. जास्त ठेवली तर ठोकताना वाकते, कमी ठेवली तर डोकं तयारच होत नाही. टोकं कानशीने सपाट करा. आधी बूड, मग डोकं.

डिचोली समया आणि तांब्या-पितळेच्या कामासाठी जुनी नावाजलेली. तिथल्या एका कासारकाकांच्या ऐरणीपाशी बसून मी हा हात शिकलो. हातोडी त्यांनी मनगटातून नव्हे, दोन बोटांतून सोडली होती, आणि टोला खिळ्याच्या मधोमध नाही तर कडेकडेने, गोल फिरत. "ठोकतोस कशाला, बाबा? नुसतं टेकवत जा. पितळ आपण होऊन पसरतं." तेच खरं आहे. छोटी बॉलपीन हातोडी घ्या, खाली पोलादाचा तुकडा, आणि दर आठ-दहा टोल्यांनी मूठ उलटी करा म्हणजे दोन्ही डोकी बरोबरीने फुलतात. आवाज टकटक असाच हवा. धपकन आला की जोर जास्त झाला. पितळ ठोकता ठोकता कडक होत जातं. शेवटी ते पसरेनासं झालं तर जोर वाढवू नका, टोल्यांची संख्या वाढवा.

डोक्याचा खिळा एकदम आवळायचा नाही. दर थोड्या टोल्यांनी पातं उघडून बघा. कुठल्याही कोनात सोडलं तर ते जागेवर राहिलं पाहिजे आणि अंगठ्याने ढकललं तर अडखळू नये. तिथेच थांबा. आवळलेला खिळा सैल करायचा एकच मार्ग, तो कापून नवा घालणं.

वापर आणि निगा

मूठ पाण्यात बुडवायची नाही, गरम पाण्यात तर नाहीच. जंतुनाशक लावायचं असेल तर फक्त पात्याला, कापसाने पुसून. दाढी झाल्यावर पातं आणि दोन पट्ट्यांमधली फट कोरड्या कापडाने पुसा आणि वस्तरा तासभर उघडाच ठेवा. पात्याला शिलाई मशीनचं तेल एक थेंब. खोबरेल हाडाला लावू नका, ते मुरतं आणि खवट होतं. हाडाला वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, मधमाशीचं मेण चोळून पुसून घ्या.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, त्याला बुरशी येते आणि ओल पात्यापाशी कोंडते. सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकलेला घट्ट झाकणाचा डबा बरा. पितळी वायसरवर हिरवी झाक दिसली तर लिंबू नको, आम्ल हाडाला खातं. खडूची पूड कापसाच्या काडीने लावा आणि कोरडं पुसा. वर्षभराने पातं किंचित सैल वाटलं तर जानेवारी-फेब्रुवारीत, हाड सर्वांत कोरडं असताना, डोक्याच्या खिळ्याला दोन्ही बाजूंनी पाच-सहा हलके टोले द्या आणि दर टोल्याला पातं फिरवून बघा.